परबांची गाणारी पेटी

आमच्या लालबागच्या चाळीतले परब आवाज न काढता बोलत. मुके नव्हते. गिरणीच्या साचेखात्यात शेकडो माग एकदम खडखडतात, तिथे ओरडून उपयोग नसतो. म्हणून कामगार नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. सुटीचा भोंगा झाला की बाकीचे माणसांसारखे बोलू लागतात. परब घरीही तसेच. दुकान टाकण्याआधी मी दोन वर्षं त्याच खात्यात होतो, त्यामुळे चाळीत त्यांच्याशी गप्पा मारणारा मीच. "मोठ्याने बोला की!" म्हटलं तर ओठ हलायचे, "वरडतास कित्याक?"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हा गृहस्थ पहिल्या रांगेत. मूठ वर, छाती पुढे, ओठ बरोबर घोषणेवर, आणि आवाज नाही.

"अहो परब, घोषणा द्या!"

"दिलंय मां!" हेही ओठांनीच.

अशा माणसाने गणपतीला गावी जाताना बायकोसाठी ग्रामोफोन न्यायचं ठरवलं. चावीचा, पेटीसारखा मिटणारा, हातात धरून नेता येणारा. जुना चालेल म्हणाले. भाव करायला मला बरोबर घेतलं, ते योग्यच केलं. भांड्यांचं दुकान मी या जिभेवर उभं केलं आहे.

गिरगावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तीन पेट्या होत्या. दुकानदाराने एकेकीवर तबकडी लावली. परबांनी डोळे मिटले आणि पेटीच्या कुशीवर पंजा ठेवला, ताप बघावा तसा. पहिली नको. दुसरी नको. तिसरीतली गाणारी बाई अशी घरघरत होती की तिला पडसं झालंय असं वाटावं. परबांनी तीच धरली.

मला बरंच वाटलं. वस्तूत खोट असली की मला जोर चढतो. घरघर दाखवली, गंज दाखवला, पंचेचाळीसवरून पस्तीसवर आणलं. आता शेवटचा डाव. दोघांनी उठून चालू लागायचं, दुकानदार हाक मारतोच. मी ओठांनी सांगितलं, "उठा, निघायचं," आणि तडक कोपऱ्यापर्यंत गेलो. हाक नाही. वळून पाहतो तर परब तिथेच, डोळे मिटून, पंजा पेटीवर. माझे ओठ त्यांनी पाहिलेच नव्हते. गिऱ्हाईक असं चिकटलेलं दिसल्यावर भाव कोण सोडेल? मी परत येईपर्यंत त्यांनी पुरते पंचेचाळीस मोजले होते.

रस्त्यात मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. वर अबोला धरला. चार दिवसांनी ध्यानात आलं की त्यांना तो कळलेलाच नाही.

गावी निघायच्या आदल्या दुपारी परबांनी मला हाताला धरून खोलीत नेलं, पेटी लावली आणि एकाएकी खरा आवाज काढला. "पेटी बोलता मां?" इतका मोठा, की शेजारची बाई लाटणं घेऊन धावत आली. तिचा चेहरा पाहून परबांनी तोंड मिटलं.

ती गेल्यावर पुढचं ओठांनीच सांगितलं. कान केव्हाच गेले होते. आपला आवाज किती चढतो ते कळत नव्हतं. गेल्या शिमग्याला गावी बायकोकडे नुसतं पाणी मागितलं, तर ती दचकून रडू लागली. तेव्हापासून गावच्या घरीही ओठच, आणि तिला काही ओठ वाचता येत नाहीत.

"मी गावाक गेलंय काय घर गप होता," परब म्हणाले. "तिच्याशी कोणीतरी बोलाक होया मां."

जिभेचं काम नसलं की मी हात चालवतो. पेचकस आणला, पेटीच्या आतला एक सैल स्क्रू सापडला, तो गच्च आवळला. तबकडी पुन्हा लावली. घरघर, थरथर दोन्ही गेल्या; बाईचा आवाज स्वच्छ, मोकळा आला. मी ऐटीत परबांकडे पाहिलं. त्यांनी कुशीवर पंजा ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बंद पडली?"

मी स्क्रू पुन्हा सैल केला. बाईला पडसं झालं. परबांनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं पेटीवर ठेका धरू लागली.

ती पेटी तिसाला मिळाली असती, हे मी आजही म्हणतो. परबांकडे पाठ करून.