अहिरे मॅडमचे हातमोजे

भर मे महिन्यात लोकरीचे हातमोजे घालून काम करणारी माणसं नाशकात फार नसावीत. अंबडच्या आमच्या कारखान्यात एक होती. विजया अहिरे. मी शेजारच्या टेबलावर खरेदी सांभाळायचो. वर पंखा गरगरतोय, मॅडमच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि हातात जाडजूड जांभळे हातमोजे.

"मॅडम, उकडत नाही का हो?"

"उकडतंय की. पण जाधव, कोल्ड स्टोरेजमधली बाई बटण दाबायला हातमोजे काढणारे का?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही शीतगृहांचे कंट्रोलर, म्हणजे तापमान सांभाळणारे डबे, बनवायचो. आता नवा डबा येत होता: पुढे टच स्क्रीन, आत छोटासा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि मेमरी अगदी बेताची. साहेबांची अट अशी, की प्रोग्राम एकदाच लिहायचा. तो डब्यावरही चालला पाहिजे आणि शीतगृहाच्या मालकाच्या विंडोजवरही. असे प्रोग्राम लिहायची तयार साधनं, म्हणजे टूलकिट, बाजारात बरीच होती. त्यातलं एक मॅडमनी निवडायचं होतं.

जो तो विक्रेता यायचा आणि आपल्या लॅपटॉपवर झकास चित्रं नाचवून दाखवायचा. मॅडम शांतपणे बघायच्या आणि म्हणायच्या, "माहेरी सगळ्याच गुणी असतात. सासरी बघू."

सासर म्हणजे आमचा डबा. तिथे गेल्यावर बहुतेकांची रया जायची. एक टूलकिट आख्खी मेमरी खाऊन गप्प बसलं. दुसरं दिसायला देखणं, पण जोडाक्षर आलं की हातपाय मोडून पडायचं. पडद्यावर चक्क 'द् राक् ष' उमटलं. मॅडमनी हातमोज्यासकट कपाळावर हात मारला. "ज्याला द्राक्ष लिहिता येत नाही, तो द्राक्षं काय सांभाळणार?"

शेवटी त्यांनी एक साधंसुधं टूलकिट निवडलं. ना नाचरी चित्रं, ना झगमगाट. नेमके त्याच आठवड्यात साहेबांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावले. त्यांचं टूलकिट म्हणजे नुसती दिवाळी. साहेब पाघळले.

"अहिरे मॅडम, तुमचं जरा सरकारी दिसतं हो."

"दिसू दे. दोन्ही डबे पिंपळगावला नेऊ. जी बाई ते रोज वापरणार, तिला ठरवू दे."

मॅडमचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. साहेब तयार झाले, पण जाताजाता म्हणाले, "हरलात, तर यापुढे सल्लागार सांगतील ते."

पिंपळगावच्या शीतगृहात द्राक्षांच्या खोल्या सुमनताई बघायच्या. डोक्याला मफलर, हातात मोजे. सल्लागारांच्या पडद्यावर त्यांनी तापमान एक अंश कमी करायचं बटण दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा जरा रागानेच दाबलं. तेवढ्यात डबा जागा झाला आणि त्याने तिन्ही हुकूम एकदम पाळले.

"आवो, बर्फ करता का माझ्या द्राक्षांचा!" सुमनताई ओरडल्या.

सल्लागार म्हणाले, "लॅपटॉपवर असं होत नाही."

"लॅपटॉप गारठ्यात उभा ऱ्हात नाय, मी ऱ्हाते," सुमनताई म्हणाल्या.

मग मॅडमचा डबा. तळहाताएवढं बटण. एकदा दाबलं, एक अंश उतरला. वर ठसठशीत अक्षरं: 'द्राक्ष खोली'. सुमनताईंनी ती मोठ्याने वाचली, पुन्हा दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "हे लय भारी हाय. हेच पायजे." इतक्यात वरच्या ऑफिसातून मालक जिन्यात येऊन ओरडले, "अरे, माझ्या कॉम्प्युटरवर पण तेच दिसतंय! तेच बटण, तोच आकडा!"

साहेबांनी तिथल्या तिथे मॅडमशी हात मिळवला, तोही हातमोज्यासकट. मालकांनी सगळ्या खोल्यांसाठी डबे मागवले. परतीच्या जीपमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघून एकट्याच हसत होत्या. मला तर गावभर गुलाल उधळावासा वाटत होता.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. मॅडमचे वडील, आप्पा, मूळ नामपूरचे, अहिराणी बोलणारे. मॅडम भाजीला गेल्या होत्या. आप्पांनी मला बसवलं आणि विचारलं, "विजू कोठे शे?"

मी सांगणार, तोच ते भिंतीकडे वळले. तिथे आमच्या नव्या डब्याचा चाचणीतला एक जुना नमुना टांगला होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'आप्पा, विजू बाजारमा गयी. आते येई.' त्यांनी ते सावकाश वाचलं, हायसं वाटून मान हलवली आणि टेकून बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच: "विजू कोठे शे?" पुन्हा पडदा, पुन्हा तसंच मान हलवून टेकणं.

मॅडम आल्या. मला बघून जरा संकोचल्या. पिशवी खाली ठेवत हळूच म्हणाल्या, "आधी कागद लिहून ठेवायचे. पण कागद एकच बोलतो ना. मी परत आले तरी तो म्हणायचा, विजू गेली. मग आप्पा मलाच विचारायचे, बाई, आमची विजू पाहिलीत का?"

एवढं बोलून त्यांनी पडद्यावरचं बटण दाबलं. अक्षरं बदलली: 'विजू घरमा शे.'

आप्पांनी पडदा वाचला. मग मॅडमकडे नीट निरखून पाहिलं, आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बठ वं, विजू. दमनी व्हशी."