हेमकांतने दिलेलं शून्य

हेमकांत पाटील शाळेच्या फाटकातून आत शिरला तोच भांडायच्या तयारीने. स्पर्धा अजून सुरूही झाली नव्हती, म्हणजे भांडायला कारण नव्हतं. पण ते ऐनवेळी मिळालं तर तयारीला वेळ कुठला, म्हणून तो घरूनच चिडून निघाला होता. गेल्या वर्षी याच केंद्रस्तरीय चित्रकला स्पर्धेत त्याच्या पोरीची, जागृतीची, उत्तेजनार्थ बक्षिसावर बोळवण झाली होती. तेव्हा त्याने एवढा धिंगाणा घातला की प्रमुख पाहुण्यांनी चहाही न घेता गाडी काढली. यंदा पहिला नंबर आला तर पोर जिल्ह्याच्या स्पर्धेला नंदुरबारला जाणार होती. ती जाणार म्हणजे जाणारच, असं हेमकांतने अख्ख्या कोरीट गावाला सांगून ठेवलं होतं.

"सर, परीक्षक कोन शे?" त्याने मुख्याध्यापक करणसिंग सरांना व्हरांड्यातच गाठलं. "मांगला सालनासारखा आंधळा नको!"

करणसिंग सर आधीच घामाघूम झाले होते. तिघांपैकी एक परीक्षक धुळ्याहून यायचे होते, आणि त्यांनी आत्ताच फोन करून गाडी दोंडाईच्याजवळ बंद पडल्याचं कळवलं होतं. कानाशी तो फोन आणि समोर हा माणूस. सरांना एकदम युक्ती सुचली.

"हेमकांतभाऊ, तुम्हीच बसा परीक्षक म्हणून."

"मी? मन्हीच पोर शे ना स्पर्धामा!"

"सगळ्या नावांवर कागद चिकटवणार आहोत. आणि तुमच्यासारखा न्यायाचा माणूस पंचक्रोशीत दुसरा कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा हेमकांत चिडायचंच विसरला. शिवाय मनातून तो खूशच झाला. नावावर कागद चिकटवा नाहीतर ताडपत्री टाका, पोरीचं चित्र त्याने अंधारातही ओळखलं असतं. दिवाळीपासून त्याने तिला एकच चित्र घोटायला लावलं होतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, लाल दाराची झोपडी आणि नारळाची दोन झाडं. हेमकांतच्या शेतात मिरची आणि पपई. नारळ त्याने देवापुढे फोडण्यापुरताच पाहिलेला. पण बक्षिसाच्या चित्रात नारळ लागतोच, यावर तो ठाम होता.

विषय फळ्यावर लिहिला गेला, 'मला आवडणारं माणूस', आणि हेमकांतचा पुन्हा भडका उडाला. "निसर्गमा काय खोट व्हती? माणसं काय दखानी वस्तू शे?"

पोरांनी चित्रं काढली, नावं झाकली गेली, आणि तिघे परीक्षक एका वर्गात बसले. निवृत्त चित्रकलाशिक्षक चुनीलाल सर, शेजारच्या शाळेच्या चेतना मॅडम आणि न्यायाचा माणूस. पाच-सहा कागद उलटले आणि हेमकांतचा चेहरा फुलला. दोन डोंगर, सूर्य, नदी, लाल दार, दोन नारळ! विषयाची अडचण नको म्हणून झाडाखाली मुंगीएवढा एक माणूस उभा केला होता. विषय काही का असेना, पोरीने बापाचा शब्द राखला होता. त्याने पैकीच्या पैकी गुण दिले आणि मिशीवरून हात फिरवला.

पण बाकीचे दोघे भलत्याच कागदावर वाकले होते.

"रेषेत काय जीव आहे!" चुनीलाल सर म्हणाले.

हेमकांतने मान लांब करून पाहिलं. कागदभर एक माणूस ओरडत होता. लालबुंद तोंड, डोळे खोबणीबाहेर, पडजीभ दिसेल एवढा जबडा उघडलेला, एक बोट वर. मागे माणसं खुर्च्यांआड लपलेली. शर्टाचं टोक धरून एक मुलगी मात्र मजेत हसत होती.

"हाई माणूस शे का राक्षस?" हेमकांत कडाडला. "ज्या पोरना बाप असा व्हई, त्या पोरनी कीव येस माले. बलावा त्या बापले, चार लोकसमोर समज द्या!"

चुनीलाल सरांना जोराचा खोकला आला. चेतना मॅडम ओढणी तोंडाशी धरून म्हणाल्या, "दादा, एकदा नीट बघा ना."

"दखं! राक्षसच शे!" हे चित्र आपल्या नारळाला आडवं येणार, हे त्याने बरोबर हेरलं होतं. त्याने ठसठशीत शून्य काढलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

तासाभराने सभागृहात निकाल लागला. पहिला नंबर हेमराज नवनीत पाटील. या नवनीतचं शेत हेमकांतच्या बांधाला लागून, आणि बांधामुळेच दोघांचं बोलणं बंद. हेमराज वर्गात जागृतीच्या शेजारी बसायचा. तिची झोपडी आणि नारळ बघून बघून त्याने पाठ केले होते. जागृतीला यंदाही उत्तेजनार्थ.

"थांबा!" हेमकांत खुर्ची पाडून उठला. "मन्ही पोरनं चित्र दाखाडा माले! कोनता आंधळानी तपासं ते?"

करणसिंग सरांनी शांतपणे एक कागद वर धरला आणि नावावरची पट्टी सोलली. जागृती हेमकांत पाटील. वर लालबुंद माणूस, खाली दोन रेघांचं शून्य. सभागृहाने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा जबडा उघडून बोट वर केलेल्या हेमकांतकडे पाहिलं, आणि असा हशा पिकला की पत्रे दणाणले.

बाहेर मोटारसायकलजवळ त्याने विचारलं, "जागू, मी असा दिसस?"

"कायम नही. मन्हाकरता भांडतस ना, तवय."

पोरीवर अन्याय झाला होता, उघड उघड, आणि अन्याय करणारा मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन उभा होता. हेमकांतला स्वतःचा असा काही संताप आला की त्याने किल्ली खिशात कोंबली आणि तो तरातरा परत आत गेला. नवनीत पेढ्यांचा पुडा घेऊन, पोराला पैकीच्या पैकी देणाऱ्या न्यायाच्या माणसालाच शोधत होता. हेमकांतने टेबलावर मूठ आपटली.

"सर, त्या परीक्षकले काढा! लबाड शे तो!"

"कोणता परीक्षक?"

"हेमकांत पाटील! सोतानी पोरनं समजीसन ह्या नवनीतना पोऱ्याले पैकीना पैकी दिधात! आनि चांगलं चित्र मुद्दाम पाडं!"

नवनीतने पेढा धरलेला हात मागे घेतला. करणसिंग सरांनी कपाळ चोळलं. "म्हणजे तुमचे गुण रद्द. मग पहिला नंबर जागृतीचा. पण भाऊ, जरा हळू बोला."

"हळू काब्र बोलू? मन्ही पोरवर अन्याय व्हयना!"

"आनि मन्हा पोऱ्यावर?" नवनीतही पेटला. "मी बी तक्रार करस!"

पेढे खाली पडले. दोघांचे आवाज एकमेकांवर चढले आणि माणसं खुर्च्यांच्या मागे सरकू लागली. जागृती दाराच्या पायरीवर बसली, दप्तरातून नवा कागद काढला आणि खडू हातात घेऊन ओरडली, "पप्पा, हालू नका ना! तोंड तसंच उघडं ऱ्हाऊ द्या!"