जाधवकाका आणि मेलचा ढीग

आमच्या दहिवलीतले जाधवकाका मेल वाचायला बसले की बघणाऱ्याला वाटतं, यांचा कॉम्प्युटर गेला. काळाकुट्ट पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, माऊस तर घरातच नाही. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस ते बघून हळहळला आणि म्हणाला, "काका, बिघडलाय वाटतं." काका म्हणाले, "बिघडला नाय रं, सुधारलाय."

काका मोहोपाड्याला एका केमिकल कारखान्यात दाब दाखवणारी गेजं आणि मीटर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर माणसं शेतात लक्ष घालतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात. काकांनी मेलमध्ये घातलं. मी त्यांची शेजारीण आणि पेशाने शिक्षिका, म्हणजे नसत्या चौकशा करणं माझ्या अंगातच आहे.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "परत नको, काढतो." सोसायटीच्या पाण्याचं मी काही सांगायला लागले की हात वर. "ताई, परत नको, काढतो." मग दोन कळा दाबायच्या आणि माझाच जुना मेल मला वाचून दाखवायचा, माझ्या चुकांसकट. असा संताप येतो! पण हा माणूस चेष्टेनेही "काय म्हणालात?" असं विचारत नाही. ऐकू आलं नाही तर गप्प राहील, अंदाज बांधील, भलतंच उत्तर देईल, पण विचारणार नाही. मला तो नुसता ताठा वाटायचा.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं. चहा काही शेवटपर्यंत आला नाही. मेल शोधून देणारा त्यांचा जुना प्रोग्राम फार हळू चालायचा, म्हणून त्यांनी नवा बसवायला घेतला होता. दार उघडं होतं, अंगणात कोवळं ऊन, कुठूनतरी वालाच्या शेंगांचा वास येत होता आणि काका स्वप्नात बोलल्यासारखे सांगत होते. मेल कप्प्यांत ठेवायचेच नाहीत. सगळे एका ढिगात, खळ्यावर भाताची रास पडते तसे. एक प्रोग्राम तो ढीग पुरा वाचतो आणि कुठला शब्द कुठे आहे ते ध्यानात ठेवतो. मेल दाखवणाऱ्या प्रोग्रामला एवढंच सांगायचं, की तू ढिगात हात घालू नको, त्याला विचार.

"मंग कप्पा म्हंजे काय, ताई? आपला एक प्रश्न. इचारला की उभा ऱ्हातो. नाय इचारला की नाय."

मला डुलकी लागत होती, पण हे ऐकून झोप उडाली. आयुष्यभर कपाटं आवरली मी. उगाचच आवरली की काय?

त्या ढिगात सर्वांत जास्त मेल होते इक्बालभाईंचे. कडावचे इक्बालभाई म्हणजे काकांचे कारखान्यातले जोडीदार. वर्षानुवर्षं एकाच पाळीत एकाच बाकावर बसून डबा खाल्लेले. निवृत्तीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली फक्त घरघर. तेव्हापासून दोघांचं बोलणं मेलवर. 'चहा घेतला?' 'वीज गेली.' 'मांजराने पिल्लं घातली.' दिवसभर असं चालायचं. मेसेज का नाही करत, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "तितं बोलनं वाहून जातं."

संध्याकाळी काम फत्ते झालं. शेवटी काकांनी आपल्या मनाचा एक नियम घातला. इथून पुढे विषयाची ओळ कोरी असलेल्या मेलवर आपोआप 'रद्दी' अशी खूण पडेल, आणि रद्दी कुठल्याच शोधात दिसणार नाही. कारखान्याची शिस्त. बिनमथळ्याचा कागद यांनी कधी हातात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बँकेचे मेल आले, विजेचं बिल आलं. इक्बालभाईंचं काही नाही. काकांनी लिहिलं, 'बरा हायस ना?' उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी काका जेवलेच नाहीत. मी म्हटलं, "घरी फोन तरी करा."

"फोन करून काय? घरची त्याच्याच कानाला लावतील. त्यो बोलायला तोंड उघडील, आनी मला कळायचं नाय, ताई."

मग काकांनी फार जड हाताने तेच परत लिहिलं, 'बरा हायस ना?' त्यालाही उत्तर आलं नाही, तेव्हा मी स्कूटर काढली. काका मागे बसले, लॅपटॉप पोटाशी धरून. कडावच्या वाटेवर कापलेल्या शेतांत वाल हिरवागार होता आणि धूर जमिनीलगत तरंगत होता. आम्ही रस्त्यावरून नाही, त्या धुरातूनच चाललोय असं मला वाटत राहिलं.

इक्बालभाई ओटीवर बसले होते. धडधाकट. आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी, पाणी घेऊन आल्या. "जाधवभाऊ, आवाज गेल्यापासून ह्यांना सगळी 'काय? काय?' करतात. पोरंसुद्धा. म्हनून बोलायचंच सोडलं ह्यांनी. येक तुमीच कंदी परत इचारलं नाय. ह्यांनी लिवलं की बरा हाय, आनी तुमी परत तेच इचारलंत?"

"लिवलं?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला नाय दिसलं." मग कपाळावर हात मारला. "विषय! इक्बाल विषय कुठं लिवतो? बोलायला विषय लागतो व्हय?"

इक्बालभाईंचं तोंड वळलं. त्यांनी फोन उचलला आणि सगळं पुन्हा लिहायला बोट पुढे नेलं. काकांनी तो हात धरला. "नको रं. तू परत नको लिवू."

इतकी वर्षं मी ज्याला ताठा म्हणत होते तो कुणासाठी होता, ते मला तिथे कळलं. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

काकांनी ओटीवरच लॅपटॉप उघडला, नियम पुसला, खुणा काढल्या. काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी एकेक वर आल्या. इक्बालभाई सरकून त्यांच्या खांद्याशी आले. आणि काका पहिल्यापासून एकेका ओळीला मोठ्याने उत्तर देऊ लागले.

"व्हय, घेतला चहा. बिनसाखरेचा."

"नाय, पाय आता नाय दुखत."

"मांजराचं पिल्लू मला नको देऊ, ताईंना दे."

इक्बालभाई आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते. भाभी दाराला टेकून ऐकत होत्या. ऊन ओटीवरून खाली उतरलं. काका शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. मी मागून वाकून वाचलं. 'तू तरी हायस ना रं?'

काकांनी चष्मा काढून पुसला.

"हाय," ते म्हणाले. "हितंच हाय रं."