थोरल्या यंत्राचा मान

जगातल्या प्रत्येक वस्तूला किंमत असते आणि ती कुणीतरी खुर्चीत बसून ठरवावी लागते. भारी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या या कंपनीत ते जोखमीचं काम किंमत निर्धारण समितीकडे होतं. समिती कमालीची निःपक्षपाती होती. सात सदस्यांपैकी एकालाही गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं (आठव्याला कळायचं, त्याची बदली केली).

समितीचा तक्ता शास्त्रशुद्ध होता. पुढच्या पट्टीची जाडी, दर मिलिमीटरला सहा हजार. आवाजाचं बटण फिरवायला लागणारा जोर. बटण जितकं हट्टी, तितका भाव जास्त. बुडाशी लोखंडी लादी. तिचा आवाजाला काडीचा उपयोग नाही, पण उचलताना कंबर लचकली की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. खोका उघडायला लागणारा वेळ, किमान अकरा मिनिटं. पांढरे हातमोजे, एक जोड (गिऱ्हाइकासाठी, कारखान्यात सगळे उघड्या हातांनीच जोडतात). आवाज हा विषय ‘इतर’ या सदरात होता, चहापाण्याच्या खाली.

याच कंपनीत दुसऱ्या मजल्यावर एक सर्किटवाला होता. सहा वर्षं मान मोडून त्याने एक छोटा ॲम्प्लिफायर बनवला होता, आणि कुणासाठी बनवतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची थोरली बहीण शाळेत गाणं शिकवायची. तिच्या घरचं जुनं यंत्र गाण्यापेक्षा गुरगुरायचंच जास्त. तिच्या कानाला पटेल आणि पगाराला झेपेल असं काहीतरी बाजारात यावं, एवढीच त्याची इच्छा होती. नऊ हजारांत ते बसतही होतं. फक्त समितीने हो म्हणायचा अवकाश होता.

पण चाचणीत घोटाळा झाला. पडद्याआड दोन यंत्रं वाजवली, तर त्यातलं नऊ हजारांचं कोणतं आणि कंपनीचं तीन लाखांचं कोणतं, हे कुणालाच सांगता येईना. समिती हादरली. धाकट्याने थोरल्याच्या बरोबरीने बोलायचं म्हणजे काय? विक्रीप्रमुखांनी मोठ्या सहानुभूतीने दोन मार्ग सुचवले. एक तर आत एखादा फालतू भाग टाकून आवाज जरा बिघडवायचा. मग नऊ हजारांना कुणाची हरकत नाही. नाहीतर आवाज आहे तसा ठेवून पट्टी, लादी, हातमोजे घालायचे आणि किंमत लावायची दोन लाख नव्वद हजार.

“बिघडवायला फार तर दहा मिनिटं लागतील तुम्हाला,” ते समजुतीने म्हणाले.

सहा वर्षं जे निगुतीने वाढवलं, ते स्वतःच्या हाताने नासवायचं? सर्किटवाल्याचा हात धजेना. त्याने दुसऱ्या मार्गावर सही केली. यंत्र वाचलं, ताई मात्र त्याला मुकली. (पहिल्या महिन्यात चाळीस नग खपले. हातमोजे घालून ऐकलं की खालचे सूर जास्त भरीव लागतात, असं एका गिऱ्हाइकाने आपणहून पत्र लिहून कळवलं.)

मग त्याने उरलंसुरलं सामान गोळा केलं, तोच ॲम्प्लिफायर, तसाच्या तसा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि ताईकडे नेला. तिने डोळे मिटून ऐकलं. अर्धा तास जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सहा वर्षांचं सोनं झालं असं त्याला वाटलं.

“किती पडला रे?” डोळे पुसत तिने विचारलं.

हा पडला सरळमार्गी. “काही नाही गं. सामान अडीच हजारांचं.”

“तरीच,” ताई म्हणाली. “मघापासून वरच्या सुराला कुठेतरी पत्रा वाजतोय, म्हटलं असं का होतंय.”

त्याला रडू कोसळायचंच काय ते बाकी राहिलं.

पण वाचकहो, ताईला हसू नका. तीस वर्षं गाणं शिकवलेला कान आहे तो. तुम्ही तर तो डबा ऐकलेलाही नाही. तरी त्याचा आवाज उत्तम आहे, हे तुम्ही बिनतक्रार मान्य केलंत, त्या बिचाऱ्यासाठी हळहळलातही. कशाच्या जोरावर? तर तो तीन लाखांच्या यंत्रासारखा वाजतो म्हणून. आणि तीन लाखांचं यंत्र चांगलं वाजतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?