गोदाक्काच्या पोटातला गोळा

एका जंगलात, मुलांनो, पोट ही नुसती भरायची गोष्ट होती. भरलं की झोपायचं, रिकामं झालं की उठायचं. पोटावर भाषण देण्याची पद्धत तिथे अजून निघाली नव्हती.

त्या जंगलात चितळांचा एक कळप होता आणि कळपात गोदाक्का नावाची हरिणी होती. दिसायला चारचौघींसारखी, पण पोट फार हळवं. वारा नसताना गवत हललं की तिच्या पोटात गोळा यायचा. गोळा आला की ती खूर आपटायची, शेपटी उभारायची आणि अशी ओरडायची की अख्खा कळप तोंडातला घास टाकून पळत सुटायचा. मागाहून वाघमहाराज यायचे, रिकामं कुरण बघायचे आणि शिव्या देत परत जायचे.

त्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला त्या येतातच.

कळप मात्र गोदाक्कावर नाराज होता. "अक्कांच्या पोटापायी धड चार घास सुखानं खाता येत नाहीत," असं तिची धाकटी जाऊ सोनकी सगळ्यांना सांगायची. जिवंत राहिल्यामुळे सगळ्यांना तक्रार करायला भरपूर वेळ होता.

अशात तरसराव गावाहून परत आले. जंगलाच्या कडेला एक आरोग्यधाम होतं, त्याच्या मागच्या उकिरड्यावर त्यांनी मुक्काम केला होता. तिथे शहरातली माणसं उपाशी राहायला येत, डोळे मिटून ताक पीत आणि आतड्यांविषयी बोलत. सांडलेलं ताक आणि कानावर पडलेलं बोलणं, दोन्ही तरसरावांनी चाटूनपुसून घेतलं. गेले तेव्हा ते साधे तरस होते, आले ते पोटतज्ज्ञ होऊन. शिवाय हाडंसुद्धा पचवणारा प्राणी! पचनातलं त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

सोनकीनेच गोदाक्काला त्यांच्याकडे नेलं. तरसरावांनी तिच्या पोटाला कान लावला.

"अक्का, कप्पे किती?"

"चार."

"अरेरे!" तरसराव कळवळले. "अहो, मन डोक्यात नसतंच मुळी, पोटात असतं. एक पोट असणाऱ्यांचे इतके हाल, तुम्हाला तर चार मनं सांभाळायची आहेत."

गोदाक्काला भरून आलं. आपण इतकं सोसतोय हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

"पण डॉक्टर," ती म्हणाली, "माझं दुखणं साधं आहे हो. वाघ आला की गोळा येतो."

"इथेच तुमचं चुकतंय. गोळा येतो, म्हणून तुम्हाला वाघ दिसतो."

कळपाने माना डोलावल्या. इतकं खोल बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग उपचार सुरू झाले. पहिला नियम, घास चावून चावून खायचा.

"आम्ही तर गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चावतो," गोदाक्का म्हणाली.

"चावता. पण कृतज्ञतेने चावता का?"

तेव्हापासून कळप डोळे मिटून, कृतज्ञतेने रवंथ करू लागला. रवंथ चालू असताना ओरडायला बंदी. ओरडण्याने पोटातले चांगले जंतू बिथरतात म्हणे. त्या जंतूंसाठी खुराकही होता. खडकातल्या खळग्यात मोहाची फुलं आंबवायची आणि सकाळ-संध्याकाळ प्यायची. आंबवलेल्या मोहाने काय होतं, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. नको, राहू द्या.

गुण मात्र झकास आला. गोदाक्काचा गोळा विरघळला. गवत हलायचं आणि तिला गंमत वाटायची. कळपातली भांडणं मिटली. सगळे एकमेकांना "तुमचं पोट कसं आहे?" असं विचारायचे आणि उत्तर अगदी शेवटपर्यंत ऐकायचे.

फक्त गोदाक्काचं पाडस, चिमी, मोह पीत नव्हतं. चिमी अजून अंगावर पीत होती. अधूनमधून ती कान टवकारायची आणि आईला येऊन चिकटायची.

एका दुपारी वारा पडलेला होता आणि गवत हललं. चिमी थरथरली. गोदाक्काच्या पोटात, कुठेतरी चौथ्या कप्प्यात, बारीकसं काहीतरी वळलं. तिने खूर उचलला.

"अक्का!" डोळे न उघडता सोनकी पुटपुटली. "कशाला उगाच सगळ्यांचं पचन बिघडवता?"

गोदाक्का ओशाळली. तिने खूर अलगद खाली ठेवला.

वाघमहाराजांनी सोनकीला उचललं, तेव्हा ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. तरसराव अध्यक्ष होते. त्यांचं तोंड अजून ओलं होतं. "किती शांतपणे गेल्या!" ते म्हणाले. "ना आरडाओरडा, ना धावपळ. उपचारांचं याहून मोठं यश कोणतं?" कळपाने डोळे पुसले आणि त्याच खळग्यातून एकेक घोट घेतला.

मग खुद्द वाघमहाराज बोलायला उभे राहिले.

"मी फार वर्षं पित्ताने हैराण होतो," ते म्हणाले. "भ्यायलेलं हरीण मला बाधतं. मांस ताठ होतं, पोटात धरून बसतं. मग चिडचिड, मग शिव्या. पण सोनकीबाई! अहाहा! इतकं मऊ मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं. काल मला शांत झोप लागली. तुमच्या पोटांची अशीच काळजी घ्या. आणि लहानांनाही वेळेवर सुरू करा."

कळप गहिवरला. महाराज इतक्या आपुलकीने कधी बोललेच नव्हते.

तरसरावांनी चिमीला पुढे बोलावलं. चिमीचे पाय लटपटत होते. "बघा, एवढ्याशा जिवाला केवढा ताण!" ते म्हणाले. "अक्का, तुम्हीच पाजा. आईच्या हातचं लागू पडतं."

सगळे कौतुकाने बघत होते. गोदाक्काने चिमीचं तोंड खळग्याकडे वळवलं. चिमीचं इवलंसं पोट तिच्या अंगाला लागलं. आत गोळा होता, घट्ट, आवळलेला.

आणि गोदाक्काला सोनकीचं हसणं आठवलं. तिला स्वतःची इतकी चीड आली, की चारही कप्पे एकदम पिळवटून निघाले. तिने खळग्यात लाथ घातली. मोह मातीत गेला. मग ती खूर आपटून, शेपटी उभारून, घसा फाटेस्तोवर ओरडली.

"शी!" कोणीतरी म्हणालं. "भरसभेत?"

एकही हरीण उठलं नाही. रवंथाची वेळ झाली होती. गोदाक्का चिमीला पुढे घालून पळत सुटली. मागे तरसराव समजावत होते, "मनावर घेऊ नका. फायबर कमी पडलं, दुसरं काही नाही."

मायलेकी आता पलीकडच्या डोंगरावर राहतात. दोघींना अन्न अंगी लागत नाही. झोप अर्धवट. पान पडलं तरी दचकतात. त्यांच्याइतकी बिघडलेली पोटं त्या मुलखात दुसरी नाहीत.

दुसरी हरणंच नाहीत.

तात्पर्य: पोट ठीक असलं की मन शांत राहतं, हे शंभर टक्के खरं आहे. वाघ स्वतः सांगतो.