अनुभवी ग्राहकाचं कपाट

जावकबाबूंनी त्या दुपारी चहाच्या गाळणीबद्दल दोन ओळी लिहिल्या नसत्या, तर पुढचं सगळं महाभारत टळलं असतं. पण माणसाला एकदा आपलं मत द्यायची हुक्की आली की तो ऐकत नाही, आणि जावकबाबूंना तर ही हुक्की आयुष्यभर दाबून ठेवावी लागली होती.

जावकबाबू हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्का मारणं हे त्यांचं काम, म्हणून कचेरीने त्यांना हे नाव दिलं होतं. घरी त्यांना नावाची गरजच पडत नसे. बायको 'अहो' म्हणायची आणि कॉलेजात जाणारी लेक 'बाबा, जरा सरका' म्हणायची.

या घरात सुईपासून सतरंजीपर्यंत सगळं इंटरनेटवरून यायचं. बायको घरीच कपडे दुरुस्तीचं काम करायची. कोट सैल कर, पँट तोकडी कर, अस्तर बदल. दोरे, बटणं, चेन, सगळं ती टॅबवर बघून मागवायची, आणि मागवण्याआधी त्या वस्तूखाली लोकांनी लिहिलेली मतं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. नवरा बघताना केली नव्हती एवढी चौकशी ती बटणं घेताना करायची. (हे वाक्य तिचंच आहे. पाहुण्यांसमोरही म्हणते.)

तर गाळणी घ्यायची होती. जावकबाबू सहज म्हणाले, "जाळी बारीक बघून घे."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणाली आणि जाड जाळीची गाळणी आली. मग रोज चहाबरोबर चहापत्तीही प्यायला मिळू लागली.

ही सल मनात घेऊन जावकबाबू कचेरीत गेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कचेरीच्या संगणकावर तेच दुकान उघडलं आणि त्या गाळणीखाली लिहिलं, 'चहा गाळायचा असेल तर ही घेऊ नका. ज्यांच्या घरात शहाण्या माणसाचं ऐकत नाहीत, त्यांना ती आपोआप मिळेलच.' दुकानाने नाव विचारलं. खरं नाव द्यायची छाती झाली नाही, म्हणून त्यांनी 'अनुभवी ग्राहक' असं टाकलं.

दुसऱ्या दिवशी बघतात तर मतापुढे 'उपयोगी वाटलं' म्हणून माणसांची ही रांग. जावकबाबूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांचं बोलणं कोणाला उपयोगी वाटल्याची ही पहिलीच वेळ होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. आनंदाच्या भरात त्यांनी त्या दिवशी तीन पाकिटांवर उलटा शिक्का मारला.

मग काय, हात मोकळा सुटला. छत्री, पायपुसणं, उशी, घरातली एकही वस्तू त्यांनी सोडली नाही. जेवणाचा डबा एका हाताने उघडायचा आणि दुसऱ्या हाताने जगाला शहाणं करायचं. पायपुसण्याखाली त्यांनी लिहिलं, 'पायपुसणं उत्तम आहे. घरातली माणसं त्यावरून उडी मारून जात असतील, तर तो त्याचा दोष नाही.' लोक खूश. जावकबाबू त्याहून खूश.

एका संध्याकाळी बायको टॅब घेऊन हसतच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ऐक गं," ती लेकीला म्हणाली, "काय लिहितो हा माणूस," आणि तिने पायपुसणं मोठ्याने वाचून दाखवलं. चहा पीत बसलेल्या जावकबाबूंना असा ठसका लागला की लेकीने पाठीवर थापट्या मारल्या.

"कोण असेल गं हा?" लेकीने विचारलं.

"निवृत्त न्यायाधीश असणार. भाषा बघ ना, कशी तोलून मापून."

"एखादा कारकूनही असेल," जावकबाबू डोळे पुसत म्हणाले.

"कारकुनाला एवढा पोच असतो होय?"

खरं तर त्याच वेळी सांगून मोकळं व्हायचं. शब्द ओठांवर आलेही होते. पण बायकोच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायला मिळत होतं. दुसऱ्याच्या नावाने का होईना, मिळत होतं. तेवढ्यासाठी जावकबाबू गप्प बसले आणि तिथेच फसले.

बायको आता त्या मतांखाली प्रश्न विचारू लागली. अनुभवी साहेब, अमुक इस्त्री कशी आहे? अनुभवी साहेब, तमुक धागा टिकेल का? उत्तर दुपारी जेवणाच्या वेळेला हमखास यायचं. "शिस्त म्हणतात ती ही," बायको म्हणायची. "नाहीतर आपल्याकडे. मोजे शोधताना बस चुकते." अनुभवींचं उत्तर रविवारी मात्र येत नसे. त्यावर तिचं म्हणणं, "रविवार ते घरच्यांना देत असतील. असतात काही बायका नशीबवान."

हळूहळू घरातला प्रत्येक वाद 'अनुभवी म्हणतात' या दोन शब्दांवर मिटू लागला. जावकबाबूंना न्हाणीघरात स्टीलची बादली हवी होती. बायकोने टॅब पुढे केला. अनुभवी म्हणतात, प्लास्टिकची घ्यावी. हे त्यांनीच एकदा साहेब येताना दिसले म्हणून घाईघाईत लिहिलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जावकबाबू मुकाट्याने प्लास्टिकच्या बादलीने आंघोळ करू लागले.

पण खरा घात पुढेच होता. एके दिवशी घरातल्या वस्तूच संपल्या. लिहायला काही उरलं नाही, आणि वाचक तर वाट बघतायत. जावकबाबू दुकानात चाळता चाळता एका उंच, दोन दारांच्या, कपडे टांगायच्या कपाटापाशी थांबले. त्याचे भाग घरी येतात आणि आपण जोडायचे, असं ते कपाट. जावकबाबूंनी ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण चित्रात छान दिसत होतं. त्यांनी लिहून टाकलं, 'भक्कम आणि देखणं. एकटा माणूस अर्ध्या तासात जोडतो. ज्याला जमणार नाही त्याने आधी स्वतःकडे बघावं, कपाटाला बोल लावू नये.' शेवटच्या वाक्यातली जरब त्यांना स्वतःलाच फार आवडली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

शनिवारी घरी आले तर बैठकीच्या खोलीत पुठ्ठ्याची लांबच लांब खोकी.

"कपाट मागवलं," बायको म्हणाली. "अनुभवींनी एवढं सांगितल्यावर विचार नाही केला."

जावकबाबू खोक्यावरच बसले.

बायकोला कपाट हवं होतं यात तिची काही चूक नव्हती. गावातल्या बँडचे सगळे कोट तिच्याकडे आले होते, लाल रंगाचे, खांद्यावर सोनेरी झालरवाले. वादक जाड झाले होते, कोट होते तेवढेच राहिले होते. तिने पंधरवडाभर खपून ते सैल केले, कडक इस्त्री केली, आणि आता ते खुर्च्यांवर, दारांवर, खिडकीच्या गजांवर लटकत होते. सोमवारी सकाळी बँडमास्तर न्यायला येणार होते. काम पसंत पडलं तर पुढचं सगळं काम तिलाच देईन म्हणाले होते. इतकं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं आणि एकाही कोटाला चुणी पडलेली तिला चालणार नव्हती.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं तर काम. कराल ना?" आणि फार दिवसांनी तिने त्यांच्याकडे विश्वासाने पाहिलं. त्या नजरेपुढे जावकबाबूंनी काय करावं? हो म्हणाले.

रविवारी खोकी उघडली. फळ्या, पट्ट्या, पिशवीभर स्क्रू आणि एक कागद. कागदावर नुसती चित्रं. पहिल्या चित्रात एक माणूस हसत होता, शेवटच्या चित्रातही हसत होता. मधल्या चित्रांत त्याचे फक्त हात दाखवले होते, तोंड दाखवलं नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"अर्धा तास झाला," बायको मशीनवरून म्हणाली. जावकबाबूंची त्या वेळी कुठे एक फळी उभी राहिली होती, तीही त्यांनी धरली होती म्हणून.

"काही कपाटांना जास्त वेळ लागतो."

"अनुभवींनी अर्धा तास लिहिलंय."

"अनुभवी खोटं बोलत असतील."

मशीन थांबलं. लेकीने कानातून हेडफोन काढले. घरात कोणी देवाधर्मावर बोट ठेवलं असतं तरी एवढा धक्का बसला नसता.

"आजवर त्या माणसाने आपल्याला एका बटणाचाही चुकीचा सल्ला दिलेला नाही," बायको म्हणाली. "वाच गं पुढचं वाक्य."

"ज्याला जमणार नाही," लेकीने वाचलं, "त्याने आधी स्वतःकडे बघावं."

जावकबाबूंनी स्वतःकडे बघितलं. बनियनला भुसा, अंगठ्याला फडकं. त्यांनी दात आवळले आणि झटून कामाला लागले. दुपारी कपाट उभं राहिलं. पाठीची फळी आतून पक्की करायला ते आत शिरले आणि वेळ वाचावा म्हणून लेकीला म्हणाले, "तू बाहेरून दारं लाव." लेक कामाची हुशार. तिने दोन्ही दारं बिजागऱ्यांच्या खाचांत बसवली, ढकलली, खट्‌कन दारांचा खटका बसला.

"झालं बाबा. आता मुठी लावायच्या. कुठेत?"

आतून खिसे चाचपल्याचा आवाज आला. मग जावकबाबू म्हणाले, "माझ्या खिशात."

बाहेर ओढायला काही नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हरही आतच. जावकबाबूंनी खांदा लावला तसं अख्खं कपाट करकरलं.

"ढकलू नका," बायको ओरडली. "मोडलं तर कोट कुठे टांगू? थांबा, मी अनुभवींना विचारते." आणि ती टाइप करता करता मोठ्याने बोलू लागली, "साहेब, कपाट जोडलं, नवरा आत राहिला, काय करावं?"

"आई, आज रविवार. उत्तर नाही येणार."

"खरंच की. आज ते घरच्यांना वेळ देत असतील."

"देतोय," कपाट म्हणालं.

"काय?"

"अगं, अनुभवी ग्राहक मीच आहे."

बायकोला जे हसू लोटलं ते थांबेचना. लेक तर जमिनीवर बसली. जावकबाबूंनी अंधारात सगळं सांगितलं, गाळणीपासून न बघितलेल्या या कपाटापर्यंत. माणूस इतकं खरं एरवी बोलत नाही.

"बरं," बायको डोळे पुसत म्हणाली, "मग सांगा, उशीबद्दल अनुभवींनी काय लिहिलं होतं?"

जावकबाबू आठवू लागले. डबा खाता खाता लिहिलेलं कोणाला आठवतंय? "मऊ आहे, असं काहीतरी."

"चूक," लेक म्हणाली. "'झोप उशीत नसते, मनात असते.' आईने भिंतीवर लावलंय ते, बाबा."

"आणि छत्री?" बायकोने विचारलं.

"काळी आहे."

"पुरे," बायको म्हणाली. "अडकलात तर अडकलात, पण एका भल्या माणसाचं नाव घेऊन सुटायला बघता? त्यांच्या नखाची तरी सर आहे का तुम्हाला?"

शेवटी मायलेकींनी कपाट भिंतीपासून सरकवलं, जावकबाबूंनी चाचपडत आतले स्क्रू काढले आणि पाठीची फळी काढून मागून बाहेर आले. लेकीने मुठी लावल्या. पाठीची फळी काही पुन्हा बसली नाही, पण मागे भिंत होतीच की. कपाट भिंतीला टेकवलं, कोट ओळीने टांगले, आणि लाल-सोनेरी कोटांनी ते असं भरून गेलं की बायको दोन पावलं मागे सरून नुसती बघत राहिली. "छान झालंय हो," ती म्हणाली. जावकबाबूंना दुखरा अंगठाही गोड वाटला.

सोमवारी सकाळी बँडमास्तर आले. दारं उघडली आणि त्यांनी टोपी काढली. एक कोट तिथेच अंगात घातला, छाती फुगवून पाहिली, एकही बटण तुटलं नाही. पुढचं सगळं काम तुमच्याकडेच, म्हणाले. ते गेल्यावर बायको आनंदाने रडलीच. आणि रडून झाल्यावर तिने टॅब जावकबाबूंपुढे ठेवला.

"हे सगळं कोणामुळे? अनुभवींमुळे. आणि तुम्ही काल त्यांच्या नावावर तोतयेगिरी केलीत. माफी मागा."

"कोणाची?"

"त्यांची. लिहा."

ती सांगत गेली, जावकबाबू टाइप करत गेले. 'मी अनुभवी ग्राहक असल्याचं सांगून बायकोला फसवायचा प्रयत्न केला. क्षमा असावी. एक अडाणी नवरा.' स्वतःची माफी मागून ते बसने कचेरीत गेले.

दुपारी डबा न उघडताच त्यांनी संगणक उघडला. ही शेवटची संधी होती. आता खुद्द अनुभवीच साक्ष देणार होते. त्यांचा शब्द बायको खाली पडू देणार नव्हती. जावकबाबूंनी एकेक अक्षर जपून लिहिलं. 'या गृहस्थांनी काहीही खोटं सांगितलेलं नाही. अनुभवी ग्राहक ते स्वतःच आहेत. या वहिनींनी आपल्या नवऱ्यावर विश्वास ठेवावा.'

संध्याकाळी जिन्यावरूनच त्यांनी छाती पुढे काढली. दार बायकोनेच उघडलं. डोळे भरलेले, हातात टॅब.

"वाचलं?" जावकबाबूंनी विचारलं.

"वाचलं," ती म्हणाली. "किती मोठ्या मनाचा माणूस हो. तुमची अब्रू वाचावी म्हणून बिचाऱ्याने स्वतःचं नाव तुम्हाला देऊन टाकलं. शिका काहीतरी त्यांच्याकडून."