डोंगरेबाबूंची जनाना मोटार

डोंगरेबाबू रस्त्यात भेटले की "कसं काय" विचारत नसत. ते थेट विचारत, "कापडवाल्यानं आज बाहेर लाल लुगडं टांगलं हाय का हिरवं?" आपण म्हणावं, बुवा, मी काही पाहिलं नाही. लगेच त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "म्हंजे तुमी त्याच रस्त्यानं आले, अन् मौका नाई पाह्यला?"

मौका हा त्यांचा लाडका शब्द. ते तहसील कचेरीत कारकून होते. निजाम गेला, आंध्र प्रदेश आला, तरी आमच्या आदिलाबादच्या कचेऱ्यांत निजामाचे शब्द खुर्च्यांना चिकटून बसले होते. जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे म्हणजे मौका पाहणे. मग तो शेताच्या धुऱ्या-बांधाचा तंटा असो की कांद्याचा भाव, डोंगरेबाबू मौका पाहिल्याशिवाय बोलत नसत.

कचेरी सुटली की ते बाजारात जात. हात पाठीमागे, मान पुढे. दुकानासमोर उभे राहून बरण्या पाहत आणि काहीच न घेता पुढे सरकत. नवा दुकानदार त्यांना टॅक्सवाला साहेब समजून खुर्ची पुढे करी. डोंगरेबाबू बसत नसत. "ह्या बरणीत काल लिमलेटच्या गोळ्या होत्या. आज काऊन नाई?" एवढंच विचारत. दुकानदाराला घाम फुटे. गावानं त्यांचं नाव 'पंचनामा' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांचा शेजारी, मराठी शाळेतला मास्तर. आमच्या दोन अंगणांमध्ये एकच भिंत, तीही खांद्याएवढी. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा दोष एकट्या त्यांच्यावर टाकायला मी जाणार नाही.

त्या भिंतीवरूनच मला त्यांच्या बाजारफेरीचं कारण कळलं. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणत असू. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं लोकांच्या शेतात निंदण करून ह्या भावाला शिकवलं. मग तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत देवीची साथ आली. जीव वाचला, चेहरा वाचला नाही. एक डोळा गेला, गालांची चाळण झाली. सासरच्यांनी 'जरा बरं वाटेस्तोवर' म्हणून माहेरी पोचवली, ती कायमची. तेव्हापासून आक्कानं अंगणाचं फाटक ओलांडलेलं नव्हतं.

अंगणात मात्र तिचं राज्य होतं. आवाज असा, की मी शाळेत शिकवण्यापेक्षा तिनं शिकवावं. माझ्या बायकोला लोणचं घालायला तिनंच शिकवलं, आणि ते बिघडलं तेव्हा मला रागावली.

संध्याकाळी डोंगरेबाबू घरी आले की आक्का विचारी, "बोल, बजारात काय काय होतं?" मग तो घुमा माणूस तासभर बोले. कोणत्या दुकानात काय टांगलं होतं, कोण कोणाशी बोलत होतं, मेथीची जुडी केवढी होती. मी त्याच बाजारातून नुकताच आलेला असे, म्हणून मला गंमत वाटायची. डोंगरेबाबूंच्या बाजारात माशा नसत. चिखल नसे. कोणी भांडत नसे. आणि शेवटी आक्का विचारी, "अन् चिंच?"

"हाय ना. मस्त सावली हाय."

बाजारातल्या ह्या चिंचेखाली त्यांची आई भाजी विकायला बसायची, आणि लहानपणी आक्का तिच्याजवळ पोत्यावर बसून जुड्या बांधायची. ती चिंच रस्ता रुंद करताना कधीच तोडली होती. मी हे बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुम्ही चूप बसा." मी चूप बसलो.

आणि एक दिवस डोंगरेबाबू भिंतीपाशी आले, खाकरले आणि म्हणाले, "गुरुजी, मोटार घेऊन राह्यलो."

ज्या माणसाकडे सायकल नव्हती त्यानं हे म्हणावं! कचेरीत हैद्राबादचा एक उर्दू पेपर यायचा. तो ते जाहिरातींसकट वाचायचे. त्यात कोपऱ्यात चार ओळी होत्या. कुण्या नवाबाच्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, जनाना मोटार विकणे आहे. खास बेगमांसाठी बनवून घेतलेली, दुसरी अशी नाही. चालू हालतीत नाही.

"जनाना म्हंजे कशी, ठाऊक हाय का? खिडकीले काच नसते. लाकडाची जाळी असते. आतल्याले बाहेरचं सगळं दिसते, बाहेरच्याले आतलं काहीच दिसत नाई."

"मग तुम्ही काय बेगम आणता की काय?" मी दात काढून विचारलं.

ते हसले नाहीत. "मौका पाहून येतो," म्हणाले आणि हैद्राबादला गेले.

परतले ते कापसाच्या रिकाम्या लॉरीवर मोटार लादूनच. अख्खी गल्ली पाहायला लोटली. समोरून पाहिलं तर मोटार होती, बाजूनं पाहिलं तर कपाट. अंग सगळं सागवानी. कंपनी कोणती, हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण नावाची पट्टी पडून गेली होती आणि नवाबानं मूळच्या गाडीतलं चाकांखेरीज काही ठेवलं नव्हतं. पुढच्या नि मागच्या बैठकीमध्ये लाकडी पडदी, तिला हातभर झरोका. आत कोंबडीनं अंडी घातलेली निघाली. आक्कानं ती मोजून घेतली आणि कोंबडीसाठी हळहळली.

हायवेवरच्या गॅरेजचे करीमभाई बोलावले गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. "बाबू, इसमें इंजन कम, चूहे ज्यादा हैं," म्हणाले. पण त्यांनाही गाडीनं भुरळ घातली. कुठल्या मोडक्या जीपचं इंजिन आणलं, रेडिएटर लॉरीचा कापून बसवला, हॉर्न रबरी भोंग्याचा. रविवार आला की डोंगरेबाबूंच्या अंगणात खडखडाट सुरू. मीही शाळेच्या वह्या बाजूला ठेवून पाना धरायला जाऊ लागलो. पाना उलटा धरतो म्हणून आक्का मला भिंतीआडून नव्हे, आता समोरूनच बोलू लागली.

करीमभाईंचं म्हणणं एकच. "ये जाली कू निकाल देंगे, काँच डालेंगे. हवा आती, नजारा दिखता."

"इंजिन बैलाचं लावा, चालते," डोंगरेबाबू म्हणत. "जाळीले हात लावायचा नाई."

पण एका बाजूच्या जाळीला वाळवी लागली होती. ती नवी करायला आम्ही दोघं निर्मलला गेलो. लाकडी खेळणी करणारा नरसय्या नावाचा म्हातारा कारागीर कोणीतरी सुचवला होता. त्यानं माप घेतलं आणि मोडक्या मराठीत सहज विचारलं, "बाबू, ह्याच्यात बसणार कोन?"

डोंगरेबाबूंचा चेहरा पडला. आमच्या गल्लीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, कारण सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आमच्या घरी... देवी येऊन गेल्या. त्याच्यासाठी."

नरसय्यानं दोन्ही हात जोडले. "असं! मंग मी बराबर करतो," म्हणाला. मला वाटलं, भला माणूस आहे, दुःख समजला.

महिन्याभरानं जाळी आली, आणि आम्ही तोंडात बोटं घातली. कमळं, हंस, मधोमध बासरच्या सरस्वतीची असावी तशी वीणा, आणि वरून सोनेरी रंग. बापड्यानं देवीसाठी रथच केला होता! डोंगरे मंडळींच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखेरीज काही नव्हतं. देवदेवतांशी असलेला व्यवहार त्यांनी दीक्षेबरोबर मिटवला होता. डोंगरेबाबू जाळीभोवती तीनदा फिरले. "कमळ आपल्याकडंबी चालते," असं स्वतःलाच म्हणाले. "हंसाचंही पाहता येईल. पण ह्या वीणेले काय करू, गुरुजी?"

आक्का मात्र हसून हसून लोटपोट झाली. तिनं जाळी बसवून घेतली, आत जाऊन दार ओढलं. मग आतून ऐकू आलं, "गुरुजी, तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटन तुटलं हाय. बायको काय करते?" मी पोटावर हात ठेवला. मग ती भावाला म्हणाली, "दिसते रे लक्षा! सगळं दिसते! येत्या इतवारी बजारात जाऊ."

झालं. तेव्हापासून गाडी बिघडू लागली. म्हणजे करीमभाईंच्या मते ती ठणठणीत होती. डोंगरेबाबूंना रोज नवी खोड सापडे. एका रविवारी ब्रेक ढिला वाटला. पुढच्या रविवारी चाकातून आवाज येतो म्हणाले. करीमभाई पाना आपटून निघून गेले. आक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली आणि दुपारी आत जाऊन ते बदलून आली. मला भयंकर राग आला. मी भिंतीपाशी त्यांना गाठलं. "अहो, इतकं केलंत, आता काऊन अडवून राह्यले?"

त्यांनी घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, चिंच नाई ना तिथं."

मी भिंतीवरून थोडा पुढे वाकलो.

"तोडली त्या दिवशी तिले ताप होता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता... आता ती जाईन, अन् पाहीन का झाड नाई. मंग रोजचं माझं सगळंच खोटं झालं ना! इतकी वर्सं मी तिले खोटा पंचनामा देल्ला. दुसऱ्या रस्त्यानं नेतो म्हटलं, तर करीमभाई म्हणते, दुसरा रस्ताच नाई."

कचेरीत तहसीलदारासमोर न घाबरणारा हा माणूस एका तोडलेल्या झाडाला घाबरत होता. मला त्यांची दया आली आणि हेवाही वाटला. माझी बहीण नागपूरला असते. मी तिला पत्रसुद्धा बायकोकडून लिहून घेतो. मी म्हटलं, "चला. काय व्हायचं ते होईल. त्या माउलीला तिसऱ्यांदा लुगडं बदलायला लावू नका."

निघालो. पुढच्या बैठकीवर चालवायला करीमभाई, मध्ये डोंगरेबाबू, कडेला मी. मागं जाळीआड आक्का आणि माझी बायको. गाडी फाटकातून बाहेर पडली. डोंगरेबाबूंनी डोळे मिटले होते.

बाजारात शिरलो आणि लोक बाजूला होऊ लागले. मी म्हटलं, वा, काय मान आहे! मग पाहतो तर बाया हात जोडून राहिलेल्या. सोनेरी कमळं, हंस, वीणा! एकीनं बॉनेटवर जास्वंद ठेवलं. एक जण नारळ घेऊन पुढे आला, तसा करीमभाईंनी ब्रेक दाबला, आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. बंद पडलं ते नेमकं जिथं चिंच होती तिथं. आता तिथं डांबर होतं आणि कडेला भाजीवाली राजव्वा पोत्यावर वांगी मांडून बसली होती.

राजव्वा उठली. जाळीसमोर वाकून म्हणाली, "अम्मा, कोणत्या गावची देवी?"

डोंगरेबाबू उडी टाकून खाली उतरले. "देवी नाई हो! देवीबिवी काही नाई! नारळ नका फोडू!"

"मग आत कोण आहे?" नारळवाल्यानं विचारलं.

डोंगरेबाबूंनी एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा नारळाकडे. सगळा बाजार त्यांच्याकडे पाहत होता. ज्यानं जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारले त्याला एवढं एक उत्तर देता येईना. मी उतरायला पाय काढला, तेवढ्यात जाळीतून तो ओळखीचा खणखणीत आवाज आला.

"देवी कवाचीच येऊन गेली, माय! आता मी एकलीच हाय आत. वांगे कशे लावले?"

देवी येऊन जाणं म्हणजे काय, हे त्या बाजारात कोणाला समजावायची गरज नव्हती. दर तिसऱ्या घरात ती येऊन गेली होती. राजव्वानं स्वतःच्या गालावरून नकळत हात फिरवला. तिच्याही गालावर ते खड्डे होते. मग ती खाली बसली, वांगी निवडू लागली आणि भाव बोलली.

"इतकुशी वांगी, अन् भाव हत्तीचा!" आतून आलं.

दोघींची चांगलीच जुंपली. वांगी काही जाळीतून आत जाईनात, म्हणून दार वीतभर उघडलं आणि आक्काचा हात बाहेर आला. राजव्वानं पिशवी त्या हातात दिली आणि वरून मूठभर कोथिंबीर फुकट घातली. नारळवाला आपला नारळ घेऊन परत गेला, जरा हिरमुसलेला.

करीमभाईंनी हँडल मारलं. गाडी सुरू झाली. डोंगरेबाबू वर चढून बसले, पण मागं वळायची त्यांना छाती होईना. बाजार संपला, गिरणी मागं पडली, तेव्हा कुठे ते झरोक्याकडे तोंड करून म्हणाले, "आक्का, पाह्यलं का सगळं?"

"पाह्यलं."

"मंग?"

बायकोनं मला मागाहून सांगितलं, की भाव करताना आक्काचं सारं लक्ष वांग्यांवर नव्हतंच. राजव्वाच्या मागच्या मोकळ्या जागेकडे ती बघत होती, आणि गाडी हलल्यावर तिनं पदर डोळ्याला लावला होता. आम्हाला पुढं ऐकू आलं ते इतकंच:

"तू सांगत होता तस्साच हाय रे बजार. अन् चिंच तर किती मोठी झाली, लक्षा!"

डोंगरेबाबूंनी समोर रस्त्याकडे पाहत मान हलवली. "हो," म्हणाले, "यंदा चिंचा बी लई लागल्या."

करीमभाई चमकून आमच्याकडे वळले. "कौनसी इमली, बाबू?"

मी त्यांचा दंड दाबला. म्हटलं, "तुम गाडी चलाओ."